युनूस मिस्त्री मेन पाडतात

"हे एकदा वितळलंय," निकिता राठोड मॅडम माशाचं पाकीट ट्यूबलाइटसमोर धरून म्हणाल्या, "आणि परत गोठलंय. एकदाच नाही, बऱ्याच वेळा."

"शक्यच नाही मॅडम," अतिया म्हणाली. "फ्रीझरवरचा आकडा पाहा न तुम्ही. उणे अठरा. मी आल्यापासून हलला नाही."

"आकडा बरोबर आहे. मासा बरोबर नाही." मॅडमनी पाकीट तिच्या हातात दिलं. "तळाशी पाहा. पाणी सुटून बर्फाची लादी झाली आहे. खालची पाकिटं एकमेकांना चिकटून बसलीत. नीट चाललेल्या फ्रीझरमध्ये असं होत नाही."

अतियाने पाहिलं. खरं म्हणजे तिने ते आधीही पाहिलं होतं, आणि मासे पाठवणाऱ्या नागपूरच्या माणसाला फोनवर चांगलं झापलंही होतं. माल वाटेत वितळतो, पॅकिंग नीट करत जा, मी पुण्यात जपानी हॉटेलात काम केलेली बाई आहे, मला शिकवू नका, वगैरे. तो बिचारा शपथा घेत राहिला. अतियाचा स्वभावच असा की एकदा चूक कोणाची ते ठरलं, की विषय संपला.

यवतमाळला दारव्हा रोडवर तिने 'टोकियो कट्टा' उघडला तेव्हाही तिने असंच ठरवून टाकलं होतं, की इथले लोक सुशी खाणार. लोकांनी आधी यथेच्छ टिंगल केली. कच्च्या मच्छीचं हॉटेल म्हणून नाव पडलं. गार भात, काळ्या कागदासारखी शेवाळाची गुंडाळी आणि नाकातून धूर काढणारी हिरवी चटणी, हे खायला कोण येणार? पण मेडिकलची पोरं आली, मग इंजिनिअरिंगची आली, आणि ज्यांना मासा चालत नव्हता त्यांच्यासाठी अतियाने पनीर आणि ठेच्याचा रोल काढला तेव्हा कापसाचे व्यापारीसुद्धा बायकामुलांना घेऊन येऊ लागले.

आता मात्र तक्रार झाली होती. खुशी नावाची मेडिकलची एक विद्यार्थिनी इथे मासा खाऊन गेली आणि तिला सलाइन लावावं लागलं. म्हणून अन्न सुरक्षा अधिकारी निकिता राठोड भर दुपारी, न कळवता, डोक्याला स्कार्फ बांधून स्कूटीवरून आल्या होत्या. त्यांनी हात धुण्याची जागा पाहिली, भाताच्या भांड्यात थर्मामीटर खुपसला, मासे कापायचा पाट आणि भाज्यांचा पाट वेगळा आहे की नाही ते विचारलं. सगळं चोख होतं. अतिया मान ताठ करून मागे फिरत होती. आणि मग मॅडमनी फ्रीझरच्या तळाशी हात घातला.

"लाइट गेली असेल," अतिया म्हणाली. "उन्हाळ्यात काय, सारखी जाते."

"जाते की. पण तास-दोन तास लाइट गेली तर झाकण बंद असलेला फ्रीझर दाद देत नाही. हा रात्र-रात्र बंद राहत असला पाहिजे." मॅडमनी चष्मा वर केला. "दुकान बंद कोण करतं?"

"मी," असा भारदस्त आवाज आला.

युनूस मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. अतियाचे वडील. खांद्यावर पंचा, दाढीला मेंदी, आणि सरकारी माणसासमोर जराही न वाकणारी पाठ. त्यांनी सगळी हयात लोहाऱ्याकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन म्हणून काढली होती. नयन नावाचा पोरगा आधी दुकान बंद करायचा. होळीच्या सुमारास त्याला पुण्याला नोकरी लागली, तेव्हा किल्ली मिस्त्रींनी आपणहून मागून घेतली. नयनला अतियाने बजावून ठेवलं होतं की जाताना काय बंद करायचं आणि काय नाही. अब्बांना काही सांगितलं नाही. युनूस मिस्त्रीला विजेबद्दल सांगणारा यवतमाळात कोण होता?

"मीच बंद करतो मॅडम, अन् मीच सकायी उघडतो," मिस्त्री पुढे येत म्हणाले. त्यांना वाटलं, आता पोरीच्या बाजूने चार शब्द बोलायची वेळ आली. "हिच्या हॉटेलात बाकी काई बी निंगो, वायरिंगमदी तुम्हाले खोट भेटनार नाई. पह्यले गॅस बंद करतो. मंग पंखे, मंग बत्त्या. अन् साऱ्याच्या शेवटी मेन पाडतो. खट्ट! मंग शटर ओढतो अन् शटरले कान लावतो. आत चूं नाई पाह्यजे. चूं नाई म्हनजे घरी जाऊन झोपाले मोकया."

मॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज म्हनजे? एक दिवस खाडा नाई. माह्या हाताखालच्या जागेत आजवर ठिनगी पडली नाई, विचारा कोनाले बी."

अतियाचा चेहरा पांढरा पडला होता. मिस्त्रींनी ते पाहिलं, पण त्यांना उमगेना.

"काहून? का झालं?"

"अब्बा," अतिया हळूच म्हणाली, "मेननं फ्रीझर बी बंद होते न."

"होते न," मिस्त्री म्हणाले. "सारंच बंद होते. म्हनून तं पाडतो."

आणि हे वाक्य तोंडातून पुरतं बाहेर पडल्यावर त्यांना ते ऐकू आलं. ते फ्रीझरकडे पाहत राहिले. थंडीत काही बिघडलं नसतं. पण एप्रिलचं यवतमाळ रात्रीसुद्धा तापलेलं असतं, आणि बंद दुकानात तर भट्टीच. सकाळी ते येऊन मेन चढवायचे, झाडलोट करायचे, पाणी भरायचे, आणि अतिया अकराला येईपर्यंत फ्रीझर इमानदारीने परत उणे अठरावर जाऊन बसलेला असायचा.

पुढचं सगळं मॅडमनी कायद्याने केलं. एका पाकिटाचा नमुना सील केला. उरलेला मासा बादलीत काढायला लावला आणि त्यावर फिनाइल ओतून नगरपालिकेच्या गाडीत टाकायला लावला. सुधारणा नोटीस लिहिली. फ्रीझर चोवीस तास चालू राहील अशी सोय करा, मी येऊन पाहीन, तोवर मासा विकायचा नाही. नाही केलं तर परवाना थांबेल. आवाज चढवला नाही की उपदेश केला नाही. फक्त जाताना म्हणाल्या, "दुकान बंद करण्याची जबाबदारी कोणाची, तेही मला पक्कं सांगा. एकाच माणसाची."

बादली मिस्त्रींनी स्वतः उचलून नेली. अतिया नको म्हणत होती, पण त्यांनी ऐकलं नाही.

घरी अतियाच्या आईने, नसरीनबींनी, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "या मानसापायी मी जलमभर फ्रीज रिकामा केला बाई! लग्नाले बोरी अरबले जायाचं असलं तरी आंगुदर दूध शेजारी द्या, दही शेजारी द्या, कोरड्यास भिकाऱ्याले द्या. काहून? तं हे निंगताना मेन पाडनार. साऱ्या मोहल्ल्याले आमच्या घरचं दूध पाजलं मीनं!"

अतियाला हसू आणि रडू एकाच वेळी आलं. ते दूध शेजारी पोचवायला लहानपणी तीच जायची. पातेलं दोन्ही हातांत धरून, सांडू न देता. म्हणजे तिला माहीत होतं. अब्बा निघताना मेन पाडतात हे तिला तिच्या नावाइतकं माहीत होतं, आणि किल्ली देताना ते तिच्या मनातसुद्धा आलं नाही. नागपूरच्या माणसाला मात्र तिने चोर ठरवलं होतं. तिने तिथेच फोन काढून त्याला लावला आणि सरळ सांगितलं, "भाऊ, चूक माझी होती. बोलले त्याबद्दल माफ करा." एकदा ठरलं की तिला वेळ लागत नाही, हा त्याच स्वभावाचा दुसरा गुण.

मिस्त्रींनी जेवायला बसताना किल्ली तिच्या ताटाजवळ ठेवली. "घे. दुसरा मानूस पाह्य."

"का झालं?"

"मॅडम बोलली न, एकच मानूस पाह्यजे. थो मी नोहो. मले चालू ठेवून निंगता येत नाई."

ही नुसती हट्टाची गोष्ट नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्री तरुण असताना त्यांचे उस्ताद होते हिरासिंग. जिनिंगमधली प्रत्येक तार त्यांच्या हातची. एका उन्हाळ्यात मुनीमजींनी आग्रह केला म्हणून हिरासिंगांनी जाताना ऑफिसातल्या कूलरची लाइन चालू सोडली. खोली गार राहील, सकाळी बरं वाटेल, एवढंच कारण. त्या तारेतून ठिणगी पडली आणि कापसाची गंजी पेटली. उस्ताद पळत परत आले आणि तापून लाल झालेला मेन त्यांनी उघड्या हातांनी खाली ओढला. गंजी गेलीच. उस्तादांचे हातही गेले. नंतर त्या हातांना पक्कड कधी धरता आली नाही. युनूस त्यांना भेटायला दवाखान्यात गेला तेव्हा ते पट्ट्या बांधलेले हात उचलून एवढंच म्हणाले होते, "पोरा, निंगताना मेन पाडत जा." मग युनूसने उरलेल्या नोकरीत दुसरं काही केलं की नाही कोण जाणे, पण मेन पाडला. त्याचा त्याला अभिमान होता. दारव्हा रोडवरचे सारे दुकानदार त्याला चहा पाजायचे ते त्यासाठीच.

"किल्ली तुमच्याजवळच राहीन अब्बा," अतिया म्हणाली.

"काहून? मासा मीनं नासवला न?"

"तुम्ही नासवला. अन् मीनं तुम्हाले सांगतलं नाई. आता सांगून राह्यली. फ्रीझरची लाइन अलग काढा. तिचा मेन अलग, तिची तार अलग, थेट मीटरवरून. बाकी साऱ्याचा मेन रोज पाडा, खुशाल पाडा. फक्त थो एक नाई."

"बंद दुकानात चालू तार?" मिस्त्रींचा घास हातातच राहिला. "मले झोप लागन का?"

"तुमच्या हातची तार असली तं मले लागन," अतिया म्हणाली आणि भाकरी मोडू लागली.

मिस्त्रींनी किल्ली उचलली नाही. पण परतही ढकलली नाही. ती रात्रभर तिथेच ताटाच्या जागी पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच उठून मेडिकलच्या मुलींच्या होस्टेलवर गेले. हातात शहाळं होतं. फाटकावरच्या बाईने तासभर बसवून ठेवलं, कारण मेंदी लावलेल्या दाढीच्या अनोळखी म्हाताऱ्याला खुशी कशाला भेटेल, हे तिला कळेना. शेवटी खुशी आली. बारीक अंगाची, चष्मेवाली पोरगी, चेहरा अजून उतरलेला.

"बेटा, मी टोकियो कट्ट्यावाला," मिस्त्री उभे राहून म्हणाले. "तुह्या पोटाले जो तरास झाला थो माह्याच्यानं झाला. मीनं रातभर मेन बंद ठेवला, मासा खराब झाला. हे सांगाले आलतो."

खुशी गोंधळली. मग हसली. "अहो काका, मी त्या दिवशी पाणीपुरी पण खाल्ली होती. बसस्टँडजवळची. त्याचंही असू शकतं ना?"

"असू शकते," मिस्त्री म्हणाले. "पानीपुरीवाल्याचं पानीपुरीवाला पाहीन. माह्यं माह्यापाशी." शहाळं त्यांनी तिच्या हातात दिलं. "पूरं पे. अर्धं ठेवू नको, फ्रीजमदी बी ठेवू नको."

तिथून ते थेट इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले आणि लागते त्यापेक्षा एक नंबर जाड तार घेऊन आले.

अतियाने दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला होता: 'आमच्या चुकीमुळे मासा खराब झाला होता. तो फेकून दिला आहे. दुरुस्ती चालू आहे. ठेच्याचा रोल मिळेल.' शेजारच्या मोबाइलवाल्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, असं कोणी लिहितं का, गिऱ्हाईक पळेल. अतिया म्हणाली, पळू दे, जे परत येईल ते पक्कं येईल. काही पळाले. काही नुसते कागद वाचायला आले आणि ठेच्याचा रोल खाऊन गेले.

आत मिस्त्री शिडीवर चढले होते. त्यांनी ती लाइन ओढायला जेवढा वेळ लावला तेवढ्यात दुसऱ्या वायरमनने अख्खं हॉटेल वायरिंग करून दिलं असतं. तार पाइपात घातली, पाइप भिंतीत घातला. प्रत्येक सांधा ओढून पाहिला, मग परत खोलला आणि परत बांधला. अर्थिंगसाठी मागच्या अंगणात स्वतः खड्डा खणला, त्यात मीठ-कोळसा भरला, वर पाणी ओतलं. लाल डब्यात नवा स्विच बसवला, त्याच्या दांडीला छोटं कुलूप घातलं, म्हणजे हात सवयीने गेला तरी दांडी खाली येणार नाही. कोणाचा हात, ते त्यांनी सांगितलं नाही आणि अतियाने विचारलं नाही. सगळं झाल्यावर त्यांनी फ्रीझर दिवसभर चालवला आणि अधूनमधून तारेला हाताची मागची बाजू लावून पाहिली. तार गार होती. तरी ते शिडीवरून उतरेनात.

निकिता मॅडम परत आल्या तेव्हा ऊन अगदी डोक्यावर होतं. त्यांनी फ्रीझर उघडला. आत नागपूरहून आलेला नवा मासा होता, पाकिटं सुटी-सुटी, तळाशी पाण्याचा थेंब नाही. त्यांनी लाल डबा पाहिला, त्याचं कुलूप पाहिलं.

"जबाबदार माणूस कोण ठरवला?" त्यांनी विचारलं.

"हे," अतिया म्हणाली. "युनूस खान. अन् चूक झाली तर परवाना माझ्या नावाचा आहे, जाब मला विचारा."

मॅडमनी मिस्त्रींकडे पाहिलं. एवढा वेळ त्या ऑफिसातलं मराठी बोलत होत्या, आता सहज घरच्या बोलीवर आल्या. "चाचा, मले दुकान बंद करून दाखवा. रोज करता तसं. मी बाहीर उभी राह्यतो."

"आता? भर दुपारी?"

"हाव. मले पाह्यचं हाये."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मिस्त्रींनी पंचा खांद्यावर नीट केला आणि कामाला लागले. गॅस बंद केला, नळी चाचपली. पंखे बंद केले. बत्त्या बंद केल्या. मग ते बोर्डासमोर उभे राहिले, जुन्या मेनची दांडी धरली आणि खाली ओढली. खट्ट आवाज झाला. हा आवाज करताना त्यांचा चेहरा नेहमी सैल व्हायचा, तसा आजही झाला. आणि मग स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात फ्रीझरचा हिरवा दिवा जळताना त्यांना दिसला.

त्यांचा हात लाल डब्याकडे गेला. अतिया दारातून पाहत होती. हात डब्यावर गेला, कुलपाला लागला, तिथे जरा थांबला आणि परत आला.

बाहेर येऊन त्यांनी शटर ओढलं, कुलूप लावलं, कुलूप एकदा हिसका देऊन पाहिलं. मॅडम स्कूटीपाशी उभ्या होत्या. त्यांनी कागदावर सही करून तो अतियाच्या हातात दिला. परवाना वाचला होता. अतियाला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं, आणि संध्याकाळसाठी भात लावायला आत पळावंसं वाटत होतं. पण शटर बंद होतं आणि अब्बा अजून तिथेच होते.

तापलेल्या पत्र्याला त्यांनी कान लावला होता. साऱ्या आयुष्यात त्यांनी असा कान लावला तेव्हा पलीकडे काही ऐकू आलं नव्हतं, आणि काही ऐकू आलं नाही म्हणूनच ते घरी गेले होते. आता आत फ्रीझर घुमत होता. पत्रा कानाला भाजत असणार, तरी ते हलले नाहीत. डोळे मिटून ऐकत राहिले.

"उस्ताद," ते शटरजवळ तोंड नेऊन हळू म्हणाले, "चालू ठेवून चाललो."

मग त्यांनी किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली, वरून एकदा हात फिरवून ती आहे याची खात्री केली, आणि मागे वळून न पाहता रस्त्याला लागले.